बघण्यासारखं काही नाही

आमचा पुतण्या खाटेवर बसून मोबाइलवर खेळतो तेव्हा मागून डोकावणाऱ्याची मोठी पंचाईत होते. खेळाचं नाव ‘अ ब्लाइंड लेजेंड’, फ्रान्सच्या डोविनो स्टुडिओने २०१५ साली काढलेला. नायक एडवर्ड ब्लेक हा आंधळा सरदार, म्हणून खेळणाऱ्यालाही बघण्यासारखं काही ठेवलेलं नाही. कानात इअरफोन घालायचे, शत्रू ज्या बाजूने आल्याचं ऐकू येईल त्या बाजूला काचेवर बोट ओढायचं, की झाला तलवारीचा वार. पुतण्या दचकतो, मान वळवतो, दातओठ खातो. माझी माय मात्र काळा पडदा बघून विचारते, “काऊन गा, मोबाइल बंद पडला का?”

सरदाराची बायको शत्रूने पळवून नेली आहे. तिच्या शोधात त्याला वाट दाखवते त्याची लहानगी मुलगी, लुईझ. ती हाक मारेल तिकडे या तलवारबहाद्दराने निमूट जायचं. मला त्या मारामारीपेक्षा हे निमूटपण आवडलं. शत्रू चालून आला तरी पुतण्या बेफिकीर. लुईझचा आवाज जरा लांब गेला की याचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा होतो.

आपला धृतराष्ट्रही आवाजावरच विसंबून होता. संजय सांगत होता, तो ऐकत होता, पण अठरा दिवस जागचा हलला नाही. युद्ध संपल्यावर मात्र भीम समजून लोखंडी पुतळा मिठीत चुरडला, आणि लगेच भीमासाठी रडलाही. आंधळ्या राजाच्या मनात काय काय चालतं ते त्या एका मिठीत आलं.

अशा अंधारातल्या गोष्टी फ्रान्सहूनच मागवाव्या लागतात असंही नाही. आठव्या शतकातल्या संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पद्मपूर, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे भवभूतीवरचा हक्क आम्ही भंडारेकरांनी अजून सोडलेला नाही. त्याच्या ‘मालतीमाधव’ नाटकात माधव रात्री स्मशानात भुतांना माणसाचं मांस विकायला जातो. प्रेमात पडलेला माणूस कोणता धंदा करील, सांगता येत नाही! तेवढ्यात देवळातून आक्रोश ऐकू येतो. कोण ते दिसत नाही, पण आवाज ओळखीचा. माधव आवाजाच्या दिशेने धावतो आणि चामुंडेपुढे बळी जाणाऱ्या मालतीला अघोरघंटाच्या हातून सोडवतो.

पुतण्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, “काकाजी, याचं ॲप आहे का?”

त्याच्या वडिलांना ॲप लागत नाही. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं आणि शेतीची लाइन रात्रीची असली, की ते बॅटरी घेऊन बांधीकडे निघतात. कोका अभयारण्याचं रान फार लांब नाही. बॅटरीच्या उजेडात चार पावलं दिसतात, बाकी सगळं कानावर. मोटर चालू आहे ना, बेडूक एकदम गप्प का झाले, पलीकडची खसफस कुत्र्याची की रानडुकराची.

परवा पुतण्याने त्यांच्यापुढे इअरफोन धरले. म्हणाला, “बाबा, हे खेळा, कान तयार होतील.”

भाऊंनी ते परत दिले. “मले आयकाचं नाही, आयकवाचं आहे,” म्हणाले, आणि डुकरांना आधीच वर्दी जावी म्हणून मोठ्याने भजन म्हणत धुऱ्यावरून निघाले. भजन बेसूर होतं असं मायचं मत पडलं. डुकरांचं कळलं नाही.