विमानाची उचल

बीडच्या माणसाला विमानात बसायचं तर आधी सव्वाशे किलोमीटर एसटीत बसावं लागतं. जवळचा विमानतळ चिकलठाण्याचा. एवढ्या अंतरात कुणाचीही हौस जिरावी. माझी जिरली नाही; मला तर पुण्याहून दिल्ली गाठायची होती.

मार्च 2020 मध्ये भाच्याचा फोन आला, "मामा, तिकीट पडलंय. रोगाच्या भीतीनं कुणी बसंना."

विमानाची सीट म्हणजे पिकलेलं सीताफळ, हे मला तेव्हा उमगलं. आपलं बालाघाटातलं सीताफळ एकदा पिकलं की दुसरा दिवस बघत नाही. म्हणून दिवस कलला की पाटीवाली येईल त्या भावाला देऊन टाकते. विमान उडालं की रिकामी सीटही नासली. पायलटचा पगार आणि विमानाचं भाडं रिकाम्या सीटलाही चुकत नाही. मग साथीची बातमी आली की कंपनी पाटी उलटी करते. 2003 च्या सार्सच्या साथीत हेच झालं.

मंदीचंही तसंच. 2008 च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर चढलं आणि डिसेंबरात चाळिशीच्या खाली आलं. तिकिटं उतरली. तेव्हाही भाच्याने आनंदाने फोन केला होता आणि त्याच महिन्यात त्याच्या कंपनीने त्याला घरी पाठवलं. घरी म्हणजे गेवराईला. एसटीने.

दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय!

तरी मी शहाणा झालो नाही. 9 मार्चला, ऐन होळीत, दुबईहून आलेलं एक जोडपं पुण्यात कोरोनाग्रस्त निघालं. धुळवडीला मी 28 तारखेची दोन तिकिटं काढली. "लोक पळून यायलेत आन् तुम्ही तिकडं काय करायलाव?" असं बायकोने विचारलं. मी तिला सीताफळ समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ही तिची जुनी खोड.

24 मार्चच्या मध्यरात्री देशातली विमानं थांबली. दुसऱ्या दिवशी पाडवा. गच्चीवरच्या गुढीपेक्षा उंच त्या दिवशी काही गेलं नाही.

आपल्या जिल्ह्यात मुकादम ऊसतोड मजुराला आगाऊ उचल देतो आणि मग कोयता कारखान्यावर जातो. उचल घेऊन जो गेला नाही, त्याच्या मागे काय लागतं ते मी सांगायला नको. इथे उचल कंपनीने घेतली आणि विमान आलंच नाही. पैशांऐवजी मला मिळालं पुढच्या तिकिटात वळतं होणारं 'क्रेडिट शेल'. शेल म्हणजे टरफल, असं भाच्याने सांगितलं. लोकमान्यांची फार आठवण झाली. शेंगा मी खाल्ल्या नव्हत्या.

एप्रिलात अमेरिकेत तेलाचा सौदा उणे 37 डॉलरवर गेला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. मला वाटलं, आता दिल्ली एसटीच्या भावात. पण 25 मे रोजी विमानं सुरू झाली ती सरकारने भाड्याला तळ आणि छत ठोकूनच: मुंबई-दिल्ली साडेतीन हजारांच्या खाली नाही, दहा हजारांच्या वर नाही. छत प्रवाशासाठी, तळ कशासाठी, तर कंपन्यांनी भाव पाडता पाडता एकमेकींना बुडवू नये म्हणून. कांद्याला असा तळ कुणी ठोकल्याचं मला आठवत नाही. हे तळ-छत 31 ऑगस्ट 2022 ला निघालं.

टरफलाचा निकाल 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने लावला: 31 मार्च 2021 पर्यंत वापरा, नाहीतर रोख परत, शिवाय महिन्याला थोडी वाढ. त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीड जिल्हा पुन्हा कुलूपबंद झाला. मुदत घरातच संपली.

पैसे आले. त्यांची बायकोने घरघंटी घेतली. सकाळी ज्वारी टाकून बटण दाबलं की घर हादरतं. भाचा म्हणतो, विमान सुटताना आत अगदी असाच आवाज येतो.