आधी काम, मग कृतज्ञता

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पोर्टेज नावाचं शहर आहे. तिथल्या महापौरांच्या, म्हणजे जेम्स स्नायडर यांच्या काळात, 2013 मध्ये पालिकेने पाच कचरागाड्या घेतल्या. ऑर्डर साधारण 11 लाख डॉलरची. पुढच्या वर्षी गाड्या विकणाऱ्या कंपनीने महापौरांना 13,000 डॉलरचा चेक दिला. चेक! आमच्या निम्म्या वाचकांचा विश्वास इथेच उडाला असेल. ‘सल्ल्याची फी’ असं महापौर म्हणाले. ज्युरीला ते पटलं नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 26 जून 2024 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की, ज्या केंद्रीय कलमाखाली महापौर दोषी ठरले, ते फक्त आधी ठरलेल्या लाचेला लागू आहे. काम उरकल्यावर कोणाचं मन भरून आलं, तर ते राज्यांनी आणि पालिकांनी आपापलं बघावं. शाळेच्या शिक्षिकेला पालकांनी वर्षाअखेरी भेटवस्तूंची टोपली दिली तर तोही गुन्हा म्हणायचा का, अशी काळजी निकालात आहे. कचरागाड्यांवरून टोपलीवर येणं हे कायदेपंडितांनाच जमतं. बहुमतात न्यायमूर्ती थॉमसही होते. धनाढ्य मित्राच्या विमानातून आणि नौकेतून झालेल्या त्यांच्या सहली आदल्याच वर्षी उजेडात आल्या होत्या. मैत्रीत काय, आधी आणि नंतर असं काही नसतंच.

न्यू जर्सीचे तेव्हाचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्याकडे मात्र काम होईपर्यंत थांबण्याचा संयम नव्हता. घरात सोन्याच्या लगडी, 4 लाख 80 हजार डॉलरहून जास्त रोकड, त्यातली काही चक्क त्यांचं नाव असलेल्या जाकिटांच्या खिशात. वर एक किलो सोन्याला किती मिळतात, हे त्यांनी गूगलला विचारलेलं. आपल्याकडे याला घरचा सराफ असतो. स्नायडर यांच्या निकालानंतर तीनच आठवड्यांत मेनेंडेझ दोषी ठरले आणि 2025 च्या जानेवारीत अकरा वर्षांची शिक्षा झाली. देणं-घेणं आधीच ठरलं होतं म्हणे. घाई नडली.

आपला 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा या बाबतीत फारच मागासलेला. गैरमार्गाने केलेल्या कामाबद्दल मागाहून घेतलेलं बक्षीसही कलम 7 मध्ये येतं. पण आपली खरी अडचण कायद्याची नाहीच. (कायद्याची अडचण आपल्याला कधी होती?) अमेरिकी पद्धतीला विश्वास लागतो. आधी गाड्या घ्यायच्या आणि वर्षभर वाट बघायची, कंपनीला आपली आठवण येते का. आपल्याकडे टक्का पोचल्याशिवाय वर्क ऑर्डरवर सही होत नाही. नगरसेवकाचा कंत्राटदारावर भरवसा नाही, कंत्राटदाराचा नगरसेवकावर नाही, कारण पुढच्या निवडणुकीत तो कुठल्या पक्षात असेल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

तरीही एखाद्या कंत्राटदाराने नवी रीत पाळायची ठरवली, तर बिचाऱ्याने कृतज्ञता दाखवायची कशातून? त्याचं मागल्या पावसाळ्यापूर्वीचं बिलच अजून लेखा विभागात पडून आहे. आणि ते पुढे सरकवायचं तर आधी थोडी कृतज्ञता दाखवावी लागते.