ढालकिडा, डोंगर आणि शार्क

ढालकिडा हा कॉक्सिनेलिडी कुळातला भुंगेरा. पाठ ढालीसारखी फुगीर, पोट सपाट आणि पाय आखूड; प्रसंग ओढवला की ते ढालीखाली ओढून घेता येतात. इंग्रजीतले 'लेडीबर्ड' हे नाव येशूची माता मेरी हिच्यावरून पडले. प्रत्यक्षात तो पक्षी नाही, आणि लेडी असण्याची शक्यता साधारण निम्मी. रशियन लोक त्याला 'देवाची गाय' म्हणतात. मराठीने देव, बाई आणि गोठा या तिन्हींपासून लांब राहून फक्त ढाल पाहिली.

या कुळाच्या सुमारे ६,००० जातींची नोंद झालेली आहे. बहुतेक मांसाहारी असून मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड यांच्यावर त्यांचा उदरनिर्वाह चालतो. म्हणून कृषी खाते त्यांना 'मित्रकीटक' म्हणते. थोड्या जाती शाकाहारी आहेत. वांग्याच्या पानांची चाळण करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा ढालकिडा त्यांतला. शाकाहारामुळे घराण्याच्या नावाला बट्टा लागल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

ढालकिड्यांना शास्त्रीय नावे देण्याची रीत १७५८ साली लिनियसने घातली. त्याची पद्धत सोपी होती: पाठीवरचे ठिपके मोजायचे आणि आकडा लॅटिनमध्ये लिहायचा. दोन, पाच, सात, दहा, चौदा, बावीस, चोवीस असा हा हिशेब चालला. किड्यांनी मात्र त्याची दखल घेतली नाही. दहा ठिपक्यांच्या म्हणून नोंदलेल्या जातीत एकही ठिपका नसलेल्यापासून पंधरा ठिपक्यांपर्यंतचे सर्व नमुने सापडतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण लिनियसच्या कानावर गेलेली नसावी. आशियातल्या हार्मोनिया ॲक्सिरिडिस या जातीत तर रंगांचे आणि ठिपक्यांचे शंभरावर प्रकार आहेत. सख्खी भावंडे एकमेकांची वाटत नाहीत, आणि त्यांना पाहून कितीतरी विद्वानांनी कितीतरी 'नव्या' जाती जाहीर केल्या, ज्या पुढे निमूटपणे मागे घ्याव्या लागल्या.

यावरून 'नवी जात' म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. किडा नवा नसतो. तो त्या डोंगरावर माणसाच्या आधीपासून मावा खात बसलेला असतो. नवा असतो तो त्याच्यावरचा निबंध. वाचकाच्या डोळ्यांसमोर लालभडक, टपोऱ्या ठिपक्यांचा किडा येत असेल, तर तोही काढून टाकावा. तसले ठसठशीत किडे पूर्वीच्या लोकांनी केव्हाच उचलले. आता बाकी आहेत ते बहुधा दोन-अडीच मिलिमीटरचे, काळे किंवा काळपट तपकिरी आणि अंगावर बारीक लव असलेले. मोहरीचा दाणा सांडला असे समजून गृहिणी ज्याला झाडून टाकेल, त्याच्यासाठी शास्त्रज्ञ डोंगर चढतो.

डोंगर चढायला कारण लागते, आणि ते बहुधा किड्याच्या प्रेमाचे नसते. एक उदाहरण इथे सविस्तर घेण्याजोगे आहे. १९५१ साली अमेरिकेच्या पूर्व भागात, व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ, हेमलॉकच्या झाडांवर पांढरे लोकरी पुंजके दिसले. (हा हेमलॉक सूचिपर्णी वृक्ष आहे. सॉक्रेटिसने प्यायला तो विषारी हेमलॉक वेगळा. या वृक्षाने कोणालाही काही पाजलेले नाही.) पुंजक्यांच्या आत अडेल्जिस त्सुगी नावाची, माव्याच्या दूरच्या नात्यातली कीड होती. सांगली-कोल्हापूरच्या उसावर २००२ च्या सुमारास आलेला लोकरी मावा ज्यांना आठवतो, त्यांना दृश्य सांगायला नको. कीड मात्र निराळी. ही जपानमधून आलेली. तिच्यात पूर्व अमेरिकेत नर नाहीतच. सगळ्या माद्या, आणि प्रत्येक मादी कोणाचीही वाट न पाहता अंडी घालते. उन्हाळ्यात ती सुस्त पडून राहते आणि थंडीत, इतर किडे गारठलेले असताना, जोमाने रस शोषते. काही वर्षांत भलामोठा वृक्ष उभ्याउभ्या वाळतो.

जपान-चीनमधले हेमलॉक या किडीपायी मरत नाहीत. तेव्हा तिकडे तिला खाणारे कोणीतरी असले पाहिजे, असा तर्क निघाला. १९९२ साली कीटकशास्त्रज्ञ मार्क मॅकक्लुअर यांना जपानमध्ये असा एक काळा, चिमुकला ढालकिडा मिळाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी वनखात्याचे मायकेल माँटगोमेरी आणि चीनचे यू ग्वोयुए, याओ दफू आदी संशोधक युनान, सिचुआन आणि शान्शी प्रांतांतल्या डोंगरांत हेमलॉक शोधत हिंडू लागले.

शान्शीतली छिनलिंग पर्वतरांग उत्तर आणि दक्षिण चीनच्या मध्ये आडवी पडलेली आहे. तिची सर्वांत उंच शिखरे ३,७०० मीटरांच्या वर जातात. तिथे महापांडा राहतो, सोनेरी केसांचे माकड राहते, आणि जगातून नाहीसा झाला की काय अशी धास्ती असलेल्या तुरेवाल्या आयबिसचे सात पक्षी १९८१ साली तिथेच सापडले. अशा मातब्बर शेजारात दोन मिलिमीटरच्या काळ्या किड्याकडे कोणी पाहिले नाही, याचे आश्चर्य वाटू नये. चिनी भाषेत हेमलॉकला 'लोखंडी सुरू' अशा अर्थाचे नाव आहे. तो दोन-तीन हजार मीटर उंचीच्या मिश्र जंगलात विखरून वाढतो आणि जागा निवडताना पायवाटेचा विचार करत नाही.

डोंगरात ढालकिडे शोधणारा माणूस एकटाच नाही, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या मिशन पर्वतरांगेत ग्रिझली अस्वले शिखरांवरच्या दगडांखाली जमलेले ढालकिडे खातात, असा शोधनिबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. नमुने गोळा करण्याचा अस्वलांचा वेग कोणत्याही संग्रहालयापेक्षा जास्त आहे. त्यांची उणीव एवढीच, की ती लेबल लावत नाहीत.

माणसाच्या पद्धतीत मुख्य साधन छत्री. फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि फांदीवर काठीने सपासप मारायचे. छत्रीत पाने, कोळी, शेवाळ आणि मागच्या वर्षीच्या सुया पडतात. ढालकिडाही पडतो, पण पडताक्षणी पाय आत ओढून मेल्याचे सोंग घेतो. त्यामुळे छत्रीतल्या दोनशे काळ्या कणांपैकी कचरा कोणता आणि जीव कोणता, हे ओळखण्याचा एकच मार्ग उरतो: छत्रीत डोके घालून, श्वास रोखून, जो कण आधी चालू लागेल त्याची वाट पाहणे. दुरून पाहणाऱ्याला, भर उन्हात झाडाला झोडपून मग उलट्या छत्रीत तोंड लपवणारा माणूस दिसतो. अशा वेळी गावकऱ्यांना जीवशास्त्र समजावून सांगत बसू नये. औषधाला नेतो म्हणावे.

कण चालू लागला की नळीची पाळी येते. छोट्या बाटलीला दोन नळ्या. एक किड्यावर रोखायची, दुसरी तोंडात धरून हवा ओढायची. किडा बाटलीत येतो, आणि जाळीचा तुकडा मध्ये असल्यामुळे पुढे येत नाही. वास मात्र येतो. घाबरलेला ढालकिडा गुडघ्यांतून पिवळट, कडू रक्त सोडतो. पक्ष्यांनी आपल्याला थुंकून टाकावे म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज कीटकशास्त्रज्ञांवरही चालते. शोधाची पहिली चव ही अशी तोंडातच कळते.

या टप्प्यावर हटकून घडणारी एक गोष्ट म्हणजे सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची भेट. युरोपपासून जपानपर्यंत, बागेपासून हिमालयाच्या बर्फाच्या कडेपर्यंत तो सगळीकडे असतो. तीन दिवस चढून, जोडे फाटल्यावर, दुर्गम कड्यावरच्या दगडाखाली पहिला तोच निघतो. केदारनाथच्या पायऱ्यांवर डोंबिवलीचे शेजारी भेटावेत, तसा हा प्रसंग असतो. ओळख दाखवावी लागते, आनंद दाखवणे जमत नाही.

गोळा केलेले किडे अल्कोहोलमध्ये टाकून प्रयोगशाळेत येतात. खरा शोध इथून पुढे लागतो, आणि लागताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. छत्रीत पडला तेव्हा तो नुसता 'आणखी एक काळा' होता. लव असलेले काळे किडे वरून इतके सारखे असतात, की डोके, पाठ, पाय यांवरून जात ठरवणे हे एकाच शाळेच्या गणवेशातल्या पोरांना पाठीमागून ओळखण्यासारखे आहे. म्हणून नराचे पोट सोडवून, पोटॅशच्या कढत द्रावणात मऊ करून, ग्लिसरिनच्या थेंबात त्याची जननेंद्रिये पाहतात. ढालकिड्यात तिथे सायफो नावाची लांब, वाकडी नळी असते, आणि तिचे टोक जातीजातीत निराळे असते. ओळखपत्र ठेवायला निसर्गाने याहून सोयीची जागा शोधायला हवी होती, असे वाटते. मादीच्या बाबतीतली माहिती १९२४ साली थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी तपशीलवार मांडली. उत्क्रांतीच्या अभ्यासातले पुढचे हे मोठे नाव. पण त्यांचा १९१८ सालचा पहिलाच निबंध कीव्हजवळ मिळालेल्या ढालकिड्याच्या एका नव्या जातीवर होता, आणि तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. चेर्निहीव्हच्या संत थिओडोसियसला नवस बोलून झालेले ते मूल. आईबापांनी नवस फेडताना नाव ठेवले, मुलाने किड्याचे.

सायफो निराळा दिसला म्हणजे जात नवी, असे लगेच म्हणता येत नाही. तो आधी कोणाला दिसला नव्हता, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी लॅटिन, फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी आणि चिनी निबंध उलटावे लागतात. एत्येन म्युल्सां या लियोंच्या ग्रंथपालाने १८५० साली ढालकिड्यांवर हजाराहून अधिक पानांचा फ्रेंच ग्रंथ लिहून ठेवला आहे, तो टाळता येत नाही. डोंगर उतरायला दोन दिवस लागले असतील, तर म्युल्सां उतरायला दोन महिने धरावेत.

मग नामकरण. इथे आत्याबाई नसतात. त्यांच्या जागी आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहिता असते. स्वतःचे नाव किड्याला द्यायला संहितेची बंदी नाही, पण चारचौघांत ते शोभत नाही. त्यामुळे गावाचे नाव देणे सुरक्षित: छिनलिंगमधल्या निंगशान परगण्यात मिळालेल्या जातीला २००० साली स्किम्नस निंगशानेन्सिस हे नाव मिळाले. त्याआधी, १९९७ साली, नैर्ऋत्य चीनमधल्या जातींना सिन्युआनोड्युलस आणि कॅम्प्टोड्रोमस अशी नावे दिली गेली. ती उच्चारण्यापेक्षा डोंगर पुन्हा चढणे सोपे. चिनी हेमलॉकवर एकूण पन्नासहून अधिक जातींचे ढालकिडे भरले आणि त्यांतल्या बऱ्याच नव्या निघाल्या.

संहितेचा कडक नियम असा, की प्राणिसृष्टीत प्रजातीचे, म्हणजे जातींच्या गटाचे, एक नाव दोघांना चालत नाही. जपानमध्ये मिळालेल्या त्या किड्याला हिरोयुकी सासाजी आणि मॅकक्लुअर यांनी १९९७ साली स्यूडोस्किम्नस त्सुगी असे नाव दिले. स्यूडोस्किम्नस, म्हणजे 'खोटा स्किम्नस', ही प्रजाती चॅपिन यांनी १९६२ साली मांडलेली होती. तोवर लाखांनी वाढवून हा किडा अमेरिकेच्या जंगलांत सोडण्याचे काम चालूही झाले होते. मग ध्यानात आले, की १९३५ सालीच हेच नाव एका शार्कला दिलेले आहे. हा वाद जुना. मुळातले स्किम्नस हे नाव ढालकिड्याला १७९४ साली मिळाले आणि पुढे प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने तेच एका शार्कला दिले होते. पहिल्या फेरीत तारीख किड्याच्या बाजूने होती, दुसऱ्या फेरीत शार्कच्या. २००४ साली नतालिया व्हँडेनबर्ग यांनी प्रजातीला सासाजीस्किम्नस हे नवे नाव देऊन प्रकरण मिटवले. दोन मिलिमीटरचा किडा आणि शार्क यांची गल्लत प्रत्यक्षात होण्याचा संभव कमी होता. पण नियम पाण्यात आणि झाडावर सारखाच लागू होतो.

नाव छापतानाच एका नमुन्याला 'नमुना-प्रकार' म्हणून जाहीर करतात. कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर तो डिंकाने चिकटवतात, त्याखाली टाचणीत जागा, उंची, तारीख आणि संग्राहक लिहिलेली चिठ्ठी ओवतात. चिठ्ठी किड्याच्या कित्येक पट मोठी असते. मेल्यावर एवढी जागा मिळणे शहरात कोणाच्या नशिबी नसते.

जिवंत राहिलेल्यांना कामाला लावले जाते. महाराष्ट्रातले द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा विकत आणून सोडतात, तीच तऱ्हा. सिन्युआनोड्युलस अमेरिकेत हजारोंनी वाढवला, सोडला, आणि बहुतेक ठिकाणी तो स्थिरावल्याची खूण मिळाली नाही. कॅम्प्टोड्रोमसची गोष्ट निराळी. तो अंडी घाली आणि अंडी फुटत नसत. महिना गेला, उन्हाळा गेला, तरी टोपलीतल्या अंड्यांत हालचाल नाही. तेव्हा हा किडा पाळण्याजोगा नाही असे समजून तो काही काळ बाजूला पडला. पुढे तापमान आणि दिवसाची लांबी बदलून पाहिल्यावर उलगडा झाला. त्याची कीड उन्हाळाभर झोपते, म्हणून त्याची अंडीही उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत झोपतात. हेमलॉकवर लोकरी पुंजक्यांत किडीची अंडी पडू लागली, की ती फुटतात.