पॉइंट कुठे काढू?

घराची वाटणी गुण्यागोविंदाने व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी वकिलाकडे जावं, वायरमनला बोलावू नये. वकील आधी विचारतो, मालमत्ता कोणाची? वायरमन मालकीच्या भानगडीत पडत नाही. तो कानावरची पेन्सिल काढून भिंतीला टेकवतो आणि म्हणतो, "बोला, पॉइंट कुठे काढू?" एवढ्यावर घरातल्या प्रत्येकाला आपला हक्क आठवतो.

पालीत आमच्या घराला लागून टेम्पोचं गॅरेज आहे. खाली टेम्पो, वर पत्र्याचा मजला. त्या मजल्यावर जुनी जाळी, दोऱ्या, तीन पायांची खुर्ची आणि नाताळच्या गोठ्याचं सामान सुखाने नांदत होतं. तिथे खोली करायचं ठरलं ते नेमकं जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. उत्तन-पालीच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या, आणि एरवी खोल समुद्रात वाऱ्यावर जाणारी सगळी मतं घरात मुक्कामाला.

"इथे राहणार कोण?" वायरमनने साधाच प्रश्न विचारला. तोवर तो कोणी विचारला नव्हता, म्हणून तर काम सुरू झालं होतं. माझ्या हिशेबात ती वाचायची खोली होती. बायकोच्या मनात तिथे ओव्हन केव्हाच तापला होता. मुलाने कॉम्प्युटरची जागाही मोजून ठेवली होती. काकांना जाळी दुरुस्त करायला डोक्यावर सरळ ट्यूबलाइट हवी होती. आईने फक्त गॅलरीत एक पॉइंट मागितला, नाताळचा तारा लावायला. तिची मागणी इतकी लहान होती की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

वायरमन परवान्याचा माणूस. त्याने वहीत खोलीचा चौकोन काढला. दिवे-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, पॉवर प्लगला अडीचची, एसीला चारची. एसी आणि ओव्हन यांची लाइन वेगळी, एमसीबी वेगळा. "दोन हजार वॅटचा ओव्हन, भागिले दोनशे तीस व्होल्ट. जवळजवळ नऊ अँपिअर झाले. हा सोळाच्या प्लगवरच हवा."

"आमच्या जुन्या घरात एकाच वायरवर सगळं चालायचं," काका म्हणाले. "फ्यूज म्हणून कधी उडाला नाही."

"कशाने बांधलेला?"

"तांब्याच्या जाड तारेने."

"म्हणजे तो फ्यूज नव्हताच, काका."

मग त्याने आरसीसीबी समजावून सांगितला. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत यायला हवा. वाटेत तीस मिलिअँपिअर कुठे गळला, कोणाच्या अंगातून जमिनीत गेला, की हा क्षणात लाइन तोडतो. आई लक्ष देऊन ऐकत होती. "एवढीशी गळती कळते?" तिने विचारलं. "मग बाबा, आधी पत्र्याला लाव."

अर्थिंगच्या खड्ड्यासाठी त्याने यादीत कोळसा आणि मीठ लिहिलं. भाईंदरच्या मिठागरांच्या मुलखात मीठ विकत आणायचं, हे काकांना पटेना. इथला खारा वारा स्विचच्या आतले स्क्रू हिरवे करून सोडतो, खिडकीचे गज खातो, टेम्पोचा पत्रा खातो. इतकं मीठ फुकट येत असताना आणखी पैसे कशाला? वायरमन म्हणाला, "काका, मीठ जमिनीत गेलं तर अर्थिंग, स्विचमध्ये गेलं तर गंज. वाऱ्याला एवढं समजत नाही." म्हणून प्लास्टिकचे पाइप, झाकणाचे बोर्ड आणि बाहेरच्या ताऱ्यासाठी पाणी न शिरणारा प्लग असा खर्च वाढला. सामान आणायला लोहार चाळीत जायचं ठरलं. तिथे घाऊक भावात वाचवलेले पैसे, तिथेच दिसलेल्या झुंबरावर कसे खर्च करायचे, याची चर्चा बायको आणि मुलगा यांच्यात आताच सुरू झाली.

जिन्याच्या दिव्याला टू-वे स्विच सुचवला गेला: एक खाली, एक वर, दोन्हीकडून चालू, दोन्हीकडून बंद. सोय उत्तम. फक्त खालच्याला वाटतं दिवा उगाच जळतोय आणि वरच्याला वाटतं कोणीतरी मुद्दाम अंधार केला. आमच्या घरात मतभेदाला यंत्राची मदत लागत नाही, तरी तो बसवायचं ठरलं.

शेवटी बेरीज झाली. एसी, ओव्हन, इस्त्री, कॉम्प्युटर, दिवे, पंखे मिळून पाच हजार दोनशे वॅट. "एकदम लावलं तर तेवीस अँपिअरच्या आसपास," वायरमन म्हणाला. "पण सगळं एकदम कोणी लावत नाही."

"नाताळच्या आदल्या दिवशी लावतात," बायको म्हणाली.

"मग मंजूर लोड वाढवून घ्यावा लागेल. अर्ज करा, माझा टेस्ट रिपोर्ट जोडा. मीटर कोणाच्या नावावर आहे?"

सगळ्यांनी एकदम आईकडे पाहिलं.

आईने चष्मा पुसला, वही मागून घेतली आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. खोडलं काहीच नाही. "सही करते," ती म्हणाली. "फक्त वरच्या मजल्याचा मेन स्विच खाली काढ, माझ्या खाटेपाशी. मी दहाला झोपते."

माझी वाचायची खोली, मुलाचा कॉम्प्युटर, बायकोचे रात्री उशिरा निघणारे केक, काकांची जाळी, सगळे वायरमनकडे आशेने बघू लागलो. नियमात बसत नाही, एवढं तरी त्याने म्हणावं.

"खाली एक मेन हवाच," तो म्हणाला. "आग लागली तर वर कोण चढणार? आई, तुम्ही सगळ्यांत आधी लागणारा पॉइंट सांगितलात." आणि खाटेशेजारच्या भिंतीवर त्याने पेन्सिलीची पहिली फुली मारली.