चकती वाचणारे गृहस्थ

क्रीट बेटावर हेराक्लिओनच्या संग्रहालयात, फायस्टोसच्या चकतीच्या काचपेटीसमोर हे गृहस्थ हमखास उभे असतात. वय साठीपुढे, पेशाने निवृत्त इंजिनिअर, बगलेत फुगलेली फाइल. तुम्ही क्षणभर थबकलात की संपलंच. "वाचायचीय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता वाचायला लागतात.

ही चकती लुइजी पेर्निए यांना १९०८ साली सापडली. दोन्ही बाजूंना गरगरत आत गेलेले २४१ ठसे, त्यांत वेगळी चिन्हं ४५, आणि या लिखाणाचा दुसरा नमुना नाही. म्हणजे यांना खोटं पाडायची सोयच नाही. आजवर लोकांनी हिच्यात प्रार्थना वाचली, पंचांग वाचलं, सोंगट्यांचा पटसुद्धा पाहिला. ते सगळे चुकले, हे गृहस्थ फार मायेनं सांगतात. क्रीटच्या प्राचीन मिनोअन लोकांची भाषा, योगायोगानं, यांची मातृभाषाच निघते.

प्राध्यापक मंडळी यांच्या पत्रांना उत्तर देत नाहीत. अर्थात त्यांना पटलेलं असतं. शिवाय १९५२ साली 'लिनिअर बी' ही प्राचीन लिपी वाचणारा मायकेल व्हेंट्रिस कोण होता? वास्तुविशारद! ॲलिस कोबरचं नाव मात्र यांच्या तोंडी येत नाही. त्या बाईंनी कागदाच्या टंचाईत शुभेच्छापत्रांच्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या, सिगारेटच्या खोक्यांत लावल्या आणि कोणतं चिन्ह कुठे येतं ते वर्षानुवर्षं मोजलं. व्हेंट्रिसला त्याचा मोठा आधार झाला. आमच्या गृहस्थांना मोजदादीचा कंटाळा. त्यांना थेट साक्षात्कार होतो, बहुधा पहाटे.

'लिनिअर ए' या मिनोअन लोकांच्या अजून न उलगडलेल्या लिपीवर तर त्यांचा रागच आहे. आगिया त्रियादाच्या पाट्यांवर धान्य, अंजीर, दारू, पुढे आकडे आणि शेवटी 'कु-रो', म्हणजे एकूण. तेही बेरीज जुळते म्हणून कळलेलं. एवढी थोर संस्कृती आणि वाण्याची वही? त्यांना देवीचं स्तोत्र हवं असतं.

व्हेंट्रिसचीही एक लाडकी समजूत होती: 'लिनिअर बी'ची भाषा एट्रुस्कनच्या नात्यातली. पुरावा ग्रीककडे झुकला तेव्हा त्यानं ती सोडली. पुढच्या वर्षी पायलोसच्या एका नव्या पाटीला त्याची किल्ली लावून पाहिली, तर शब्द निघाला 'ति-रि-पो' आणि शेजारी तीन पायांच्या भांड्याचं चित्र!

तेव्हा हेराक्लिओनला गेलात तर या गृहस्थांशी वाद घालू नका. त्यांना 'लिनिअर ए'च्या पेटीपाशी न्या आणि म्हणा, काका, आता तुमची किल्ली हिला लावा.