जिल्ह्याचे नाव काय लिहू?

मनुष्याने गाव सोडले म्हणजे त्याचा पत्ता बदलतो, हा जगाचा सर्वमान्य रिवाज. परंतु आमच्या श्रीवर्धनने समुद्राकडे तोंड करून, पाठीशी डोंगर घेऊन, नारळी-पोफळीच्या आगरांत निश्चल बसल्या बसल्या इतके पत्ते बदलले आहेत की, एखाद्या फिरत्या नाटक मंडळीलाही हेवा वाटावा. भट घराण्याच्या वतनी कागदांत हा टापू दंडाराजपुरीच्या देशमुखीत मोडे. सिद्दीच्या अंमलात तो हबसाणात जमा झाला, आणि त्या अंमलाशी न पटल्यामुळे ज्यांनी गाव सोडले, ते बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली पेशवे झाले. (गावातच राहून कोणी पेशवा झाल्याचे दप्तरी नमूद नाही.) १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होऊन आम्ही कुलाबा जिल्ह्यात दाखल झालो, आणि माझ्या प्रपंचातील पहिला घोटाळा त्या नावानेच केला.

माझे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने नागपूरच्या माझ्या भावी श्वशुरांना लिहिले होते, ‘मुलाचे घर कुलाब्यात, स्वतःच्या मालकीचे, समुद्र हाकेच्या अंतरावर.’ यात एक अक्षरही असत्य नव्हते. श्वशुरांनी मुंबईत उतरताच थेट तिथला कुलाबा गाठला आणि ‘श्रीवर्धन’ ही इमारत कोणत्या गल्लीत येते, म्हणून दोन प्रहर येणाऱ्या-जाणाऱ्यास विचारीत हिंडले. मला त्यांचा दोष दिसत नाही. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेच्या चुंबकसूच्या बिथरतील, या भयाने त्या निरीक्षणांसाठी १९०४ साली अलिबागेस निराळी वेधशाळा उभारावी लागली, तेव्हा ते शास्त्रीय कार्यही कुलाब्यातून निघून कुलाब्यातच पोहोचले होते. फरक इतकाच की, उपकरणांना गाडी लागत नाही. श्वशुरांना ती माणगावपासून लागली.

ते आले तेव्हा अंगणभर पोफळे वाळत पडली होती, आणि ओटीवर माझे काका रोठ्याची सुपारी कातरीत होते. अडकित्त्याच्या पात्याखालून उतरणारे कातरण इतके पातळ की, वाऱ्याने दोन चकत्या उडून पाहुण्यांच्या धोतरावर जाऊन बसल्या. श्वशुरांनी त्या झटकल्या, आगराकडे पाहिले, मजकडे पाहिले, आणि क्षीण स्वरात विचारले, “हाच का कुलाबा?”

“कागदावर,” काका म्हणाले. अडकित्ता थांबला नाही.

लग्न झाले. पुढे जहाजावर नोकरीस असलेला माझा पुतण्या रजेवर आला असता त्याने इटलीचा नकाशा पसरून आम्हांस असे सांगितले की, या बुटाच्या चवड्याला आज कालाब्रिया म्हणत असले, तरी रोमन लोकांच्या काळी ते नाव टाचेचे होते आणि चवडा ब्रुत्तियम म्हणून ओळखला जाई. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहांच्या हातून सातव्या शतकाच्या सुमारास टाचेचा बहुतेक मुलूख निसटला, तेव्हा कारभाऱ्यांनी मुलूख सोडला पण नाव सोडले नाही, ते उचलून चवड्यावर नेऊन ठेवले. मला हे ऐकून सद्गदित व्हायला झाले. इतक्या दूरच्या देशात आपले कोणी भाऊबंद भेटावेत, तसे. काका मात्र बांधावरच्या एका माडापायी चुलतभावाशी कित्येक वर्षे दावा लढवीत होते. त्यांनी नकाशावरील टाचेवर बोट ठेवून विचारले, “मग इथल्या लोकांचे सातबारे कोणी दुरुस्त केले?” पुतण्याने नकाशा गुंडाळला.

१९८१ साली, शेजारच्या म्हसळे तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव लाभल्यावर कोण कुरकुर करील? किल्ला पार महाड तालुक्यात, आमच्या माळ्यावर चढूनही दिसत नाही. तरी आमची छाती दोन बोटे फुगली, आणि त्या भरात मी साऱ्या आप्तांना नवा पत्ता सुवाच्य अक्षरांत कळवला.

आठच दिवसांत नागपूरहून कार्ड आले. ‘चिरंजीवांस अनेक आशीर्वाद. घर बदलल्याचे आधी कळवले नाहीत, याचा विषाद वाटला. गडावर पाण्याची सोय कशी आहे? आम्ही येण्याचे योजीत आहोत. तरी गाडी पायथ्यापर्यंतच येते की वरपर्यंत, ते उलट टपाली लिहावे.’