धार्मिक थरार सामुदायिकरीत्या वाचण्याचं शास्त्र

धार्मिक रहस्यकादंबरी एकट्याने वाचू नये. एकट्याने वाचली की ती नुसती संपते. मंडळात वाचली की वाद होतो आणि वडे संपतात. मानखुर्दात यासाठी सोसायटीचं ऑफिस उत्तम. गच्ची टाळावी. देवनारच्या बाजूने वारा सुटला की व्हॅटिकनचं गुपित कितीही भयंकर असो, माणसं नाकाला रुमाल लावून जिना उतरतात.

सुरुवात डॅन ब्राऊनपासूनच करावी. 2003 सालचा 'द दा विंची कोड' मराठीतही आहे, त्यामुळे 'माझं इंग्रजी कच्चं' ही सबब चालत नाही. मग अश्विन सांघी, मग प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र'. तिच्यात धर्म कमी आणि इतिहास जास्त, अशी तक्रार एका सभासदाने केली. दोन्हींमधली हद्द आपल्याकडे कोणी आखलीय, हे त्याने सांगितलं नाही.

आठवड्याचा मुक्काम प्रकरणाच्या शेवटी कधीही ठेवू नये. 'दा विंची कोड'मध्ये 105 प्रकरणं आहेत आणि बहुतेक प्रकरणं ऐन मोक्यावर तुटतात. सकाळच्या हार्बरमध्ये उभ्याने वाचणारा माणूस गोवंडीला एक संपवतो, चेंबूरला दुसरं, आणि टिळकनगर येईपर्यंत पुढच्या आठवड्याचा वाटाही खाऊन बसतो. म्हणून प्रकरणाच्या मध्यावर, एखाद्या चर्चच्या कंटाळवाण्या वर्णनात थांबावं. तिथे सगळेच आपखुशीने थांबतात.

आता मुख्य विषय, म्हणजे काका.

प्रत्येक मंडळात एक निवृत्त काका असतात. 'दा विंची कोड'च्या सुरुवातीला 'तथ्य' म्हणून एक पान आहे. त्यात 'प्रायरी ऑफ सायन' ही 1099 साली स्थापन झालेली खरी संघटना असल्याचं छापलंय. हे पान काकांच्या हाती पडण्याआधी स्टेपल करावं. आम्हाला उशीर झाला. काकांना शांतपणे समजावलं, की ही संघटना पियेर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1956 मध्ये नोंदवली आणि तिच्या पुरातनपणाचे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले गेले. काका म्हणाले, "बघा, किती खोलवर दडवलंय!" लूव्रच्या पिरॅमिडला कादंबरीत 666 काचा आहेत, संग्रहालयाच्या हिशेबाने 673. काकांच्या मते सात नंतर बसवल्या.

2006 मध्ये सिनेमा आला तेव्हा आपल्या सेन्सॉरने 'ही कथा काल्पनिक आहे' अशी पाटी दाखवायला लावली होती. तरी गोव्यात त्यावर बंदी आलीच. पाटीचा काकांवरही परिणाम झाला नसता.

'हे आपल्या पुराणांत आधीच होतं' या वाक्याला दहा रुपये दंड ठेवावा. वडे याच निधीतून येतात.

खुनी ओळखायचा असेल तर एक सूत्र लक्षात ठेवावं: जो वयस्क विद्वान नायकाला घरात घेतो, चहा पाजतो आणि दोन तास इतिहास सांगतो, त्याच्यावर नजर ठेवावी. हे सूत्र मंडळात जाहीर करू नये. आमच्याकडे चहा काकाच आणतात, थर्मासमधून, आलं घालून, आणि दोन तास इतिहासही तेच सांगतात.

खरं सांगायचं तर पुस्तक शेवटपर्यंत वाचून येणारे तेवढे एकच. बाकीचे सिनेमा बघून येतात आणि "पुस्तकात जास्त डिटेल आहे, नाही?" असं विचारतात. काका मात्र वही घेऊन येतात, समासात पेन्सिलीने खुणा करतात, शंका असली की ग्रंथालयात जाऊन जाडजूड संदर्भग्रंथ चाळतात आणि चुकीचा निष्कर्ष काढून परत येतात. एवढे कष्ट आम्ही पदवीलाही घेतले नव्हते. गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या, तरी ते छत्री, थर्मास आणि वही घेऊन वेळेवर हजर होते. सभासद मात्र दोनच आले. त्या दिवशी दंड घ्यायला जीव झाला नाही.

पुढची बैठक रविवारी पाच वाजता. नव्या सभासदांनी पुस्तक वाचून यावं, निदान निम्मं. आणि काका, तुम्हाला हात जोडून विनंती, खुनी कोण ते ग्रुपवर आदल्या रात्री टाकू नका.